आठव्या पायामागे

खिडकी आधी उघड, मिलेन.
थंडी येईल. येऊ दे.
शेगडी बंद. सिगारेट बाहेर, त्या बर्फात खुपस.
हे पाण्यासारखं दिसतं, पण पाणी नाही,
याची वाफ जमिनीलगत सरपटते
आणि ठिणगी हुंगत फिरते.

हातमोजे. दोन्ही हातांत.

नाही, राकिया चालणार नाही.
माझ्या नवऱ्यानेही हेच विचारलं होतं.
एक घोट बोर्डाला, दोन स्वतःला,
असं करत रात्रीपर्यंत दोघेही निकामी.
अर्धं पाणी असतं तिच्यात,
आणि प्लमचं काहीबाही.
या बाटलीत नव्व्याण्णव टक्के आयसोप्रोपिल,
वरची कवटी मी काढलेली.
ती हसल्यासारखी दिसते, त्याला इलाज नाही.

आता भिंगातून बघ.
सोल्डरच्या थेंबांभोवती ही मधाळ साय,
ती राळ.
पाइनला जखम झाली की झाड जे स्वतःला लावतं
तेच आपण तांब्याला लावतो.
तापलेला धातू तिच्यामुळे धरतो.
काम झालं की तिने निघायला हवं,
पण ही पाहुणी उठत नाही.

दातांचा जुना ब्रश घे, केस अर्धे कापलेला.
गोल गोल फिरवू नकोस.
एका दिशेने, पायांच्या फटींतून,
मांजराला विंचरतोस तसं.
आणि आता थांबू नकोस!
इथेच सगळे चुकतात:
घासतात आणि तसंच वाळू देतात.
मग राळ जाते कुठे?
कुठेच नाही.
पातळ होते, सगळीकडे पसरते,
पांढुरकी, आरशावरच्या श्वासासारखी.

ओलं आहे तोवर बोर्ड तिरपा धर.
वरून नवं स्पिरिट सोड,
खालच्या कडेला हे फडकं टेकव.
माझ्या लग्नातली चादर आहे,
आता तिचा धागाही सुटत नाही.
पिवळं उतरलं? पुन्हा.
उतरायचं थांबेपर्यंत पुन्हा.

मी एकदा घाई केली होती.

वरच्या गल्लीतल्या झ्लात्कासाठी केलेला बोर्ड.
तिला ऐकू येत नाही, घंटा काय कामाची?
दाराबाहेर तांब्याची टिकली बसवली,
कुणी बोट ठेवलं की आत दिवा.
मी आणि पोस्टमनने वीसदा बोट ठेवून पाहिलं.
त्या दिवशी ऊन होतं.

मग धुकं उतरलं.
तुला माहीतच आहे आपल्या स्मोल्यानचं धुकं,
किल्लीच्या भोकातूनही आत येतं.
उरलेली राळ दमट झाली,
आणि जिथून वीज जायला नको तिथून
केसाएवढी वाट तिला सापडली.

दिवा लागला, रात्री दोनला.
झ्लात्का उठली, केस नीट केले, दार उघडलं.
दुसऱ्या रात्रीही.
तिसऱ्या रात्री तिने सूप गरम करून ठेवलं.
यावोर वालेन्सियाहून न कळवता येतो कधी कधी,
म्हणजे एकदा आला होता.

चौथ्या दिवशी तिने मला बोलावलं, ते आभार मानायला.

बोर्ड घरी आणला. तुला सांगते, भिंग लागलंच नाही,
नुसत्या डोळ्यांना दिसत होतं.
धुतला, रात्रभर कोमट हवेत ठेवला,
वरून लाखेचा पातळ हात दिला.
आता ढग दारात येऊन बसला तरी दिवा गप्प असतो.

परवा भेटली, बहिरी माणसं बोलतात तसं
सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाली,
दुरुस्त केलंस ते बरं केलंस.
मग पिशवीतले बटाटे उगाच मोजत, हळू,
"तेव्हा लागायचा तरी."

काय बोलणार?
मीही बटाटे घेतले.

त्या तपकिरी बरणीला हात लावू नकोस,
तांबं खाल्लेलं ॲसिड आहे त्यात.
मोरीत तर अजिबात नाही,
मोरी ओढ्याला मिळते, ओढ्यात ट्राउट आहेत.
महिन्यातून एकदा गाडी येते, तिला द्यायचं.
ओली फडकी बाहेर त्या पत्र्याच्या डब्यात, झाकण लावून.

झालं म्हणतोस?
भिंग इकडे दे.
आठव्या पायामागे बघ, मिलेन.
अजून पिवळं आहे.